भातावरचं झाकण

भटवाडी, घाटकोपर (प.)
१४ जानेवारी २०२४

आदरणीय टिपणीस सर,
सप्रेम नमस्कार.

मी सुगंधा परब. डिसेंबरात मुलुंडच्या वाचनालयात तुम्ही कादंबरी कशी लिहावी यावर बोललात, तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसले होते. शेवटी मी उभं राहून प्रश्न विचारला, तर तुम्ही म्हणालात की मला अजिबात ऐकू येत नाही, कागदावर लिहून द्या. मी चिठ्ठी दिली. तुम्ही ती वाचलीत, तिच्यामागे तुमचा पत्ता लिहिलात आणि म्हणालात, याचं उत्तर दोन मिनिटांत व्हायचं नाही, पत्र पाठवा. म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून मी कोणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा प्रश्न असा होता की घरातल्या माणसावर कादंबरी लिहिता येते का.

मी चाळीस वर्षांची आहे. शिक्षण बारावी. चेंबूरला एका डॉक्टरांकडे काउंटरवर बसते, केसपेपर काढते, पेशंटना नंबराने हाक मारते. लग्न केलं नाही. घरी मी आणि बाबा, दोघंच. भाऊ नितेश बायकोमुलांसह बोरिवलीला राहतो.

बाबांचं नाव धाकू परब. आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर माहुलला एका गोदामावर बावीस वर्षं वॉचमन होते. पण आमच्या चाळीत त्यांना वॉचमन म्हणून कोणी ओळखत नाही. ते गाऱ्हाणं घालणारे म्हणून प्रसिद्ध. आम्हा कोकणातल्या लोकांत कुठलंही काम सुरू करायच्या आधी एक जण देवासमोर उभा राहून, खड्या आवाजात, सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. नवं घर असो, नवी रिक्षा असो, बाबांना बोलावणं यायचंच. बाबा म्हणतात, घालणारा कितीही हुशार असू दे, मागे व्हय म्हणणारं कोणी नसेल तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही.

मला अशा माणसावर लिहायचंय. कादंबरीत त्याचं नाव सहदेव ठेवलंय. वहीची बारा पानं झाली आहेत. पुढे जावं की थांबावं, एवढं सांगा.

आपली,
सुगंधा परब

*

मुलुंड (पू.)
२४ जानेवारी २०२४

चि. सुगंधा,
अनेक आशीर्वाद.

तुला एकेरी लिहितो, रागावू नकोस. मी पंच्याहत्तरीचा झालोय आणि आता मला सगळं जगच एकेरीतलं वाटतं. तुझं पत्र पोस्टमनने आमच्या सोसायटीच्या वॉचमनकडे दिलं आणि त्याने ते तीन दिवस खुर्चीखाली दाबून ठेवलं. त्यामुळे तुझ्या नायकाच्या व्यवसायबंधूंबद्दल माझं मत सध्या फारसं चांगलं नाही.

घरातल्या माणसावर कादंबरी लिहिता येते. दुसऱ्या कोणावर लिहिता येते की नाही याचीच मला शंका आहे. तेव्हा पुढे जा.

आता थोडं कडू बोलतो. तुझ्या कादंबरीची या जगात कोणीही वाट बघत नाहीये. प्रकाशक नाही, वाचक नाही, कोणी नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून समोर चिकटव. वाईट वाटेल, पण चार दिवसांनी त्यातली मोकळीक कळेल. कोणी वाट बघत नसेल तर घाई नाही, आणि घाई नसेल तर खोटं लिहावं लागत नाही.

रोज लिही. एक पान झालं तरी चालेल. मुहूर्त, मूड, शांतता यांची वाट बघणारे लोक मी वाचनालयात पुष्कळ बघितलेत, ते अजून वाटच बघतायत. आणि रोजचं लिखाण संपवताना सगळं सांगून मोकळी होऊ नकोस. दही संपवताना आपण चमचाभर विरजणाला ठेवतो ना, तसं उद्यासाठी मागे ठेव. दुसऱ्या दिवशी बसलीस की लागेल.

सगळ्यांत महत्त्वाचं आता. संपेपर्यंत कोणालाही दाखवायचं नाही. मला नाही, मैत्रिणीला नाही, घरात तर मुळीच नाही. भात शिजत असताना झाकण काढलं की वाफ जाते आणि भात कच्चा राहतो. माझी बायको सुनंदा माझ्याबरोबर तीस वर्षं राहिली, पण पुस्तक छापून येईपर्यंत मी तिला एक ओळ दाखवली नाही. माझ्या दोन कादंबऱ्या झाल्या त्या या एका नियमामुळे.

तुझा,
विद्याधर टिपणीस

*

भटवाडी, घाटकोपर
१० मार्च २०२४

आदरणीय सर,
सा. न.

तुमचं वाक्य कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ओट्यावरच्या भिंतीला लावलंय. सकाळी साडेपाचला पाणी येतं, त्याआधी पाऊण तास मी ओट्याशीच उभी राहून लिहिते. बसायला गेले की बाबांची झोपमोड होते, खोली एकच आहे. साठ पानं झाली. विरजणाची युक्ती झकास लागू पडली.

तुमच्या दोन्ही कादंबऱ्या वाचनालयातून आणल्या. पहिलीतली ती बाई, जी पाहुणे गेल्यावर त्यांच्या उष्ट्या कपांतून उरलेला चहा पिते, ती मला फार खरी वाटली. पुरुषाला हे कसं दिसलं असेल, असं मनात आलं. तिसरी कादंबरी तुम्ही का लिहिली नाहीत?

बाबांना सगळं ठाऊक आहे. लपणार कसं, त्यांच्याकडूनच तर मी माहुलच्या गोष्टी काढून घेते. किल्ल्यांचा जुडगा केवढा होता, वही कशी भरायची, ओहोटीला खाडीत उतरून कुर्ल्या, म्हणजे खेकडे, कसे धरायचे. एकदा कुर्लीने त्यांचं बोट धरलं म्हणून साहेबांच्या गाडीला गेट उघडायला उशीर झाला, तर साहेबांनी त्यांना दिवसभर गेटाबाहेर उन्हात उभं ठेवलं होतं. बाबा हे सांगतात तेव्हा चाळ हसून लोळते. मी लिहायला बसले तर मला हसू आलं नाही.

मी कामावरून आले की लिखाण कुठवर आलं, हे एकच ते रोज विचारतात, "खयपर्यंत इला गो?" मी म्हणते, चाललंय. परवा म्हणाले, "माका वाचून दाखय. तू वाच, मी मागसून व्हय म्हणतंय." त्यांचे डोळे आता अधू झालेत, स्वतः वाचू शकत नाहीत. तब्येतही जरा नरम असते. पहिलं प्रकरण म्हणजे सहदेवचं गाऱ्हाणं आहे, ते पूर्ण झालंय. तेवढंच वाचून दाखवलं तर चालेल का?

आपली,
सुगंधा

*

मुलुंड (पू.)
१८ मार्च २०२४

चि. सुगंधा,
अ. आ.

नाही, चालणार नाही.

तू विचारलंस म्हणजे तुझ्या मनाला आधीच कुठेतरी खटकलंय. वडिलांना आज गाऱ्हाणं वाचून दाखवशील, ते खूश होतील. उद्या कुर्लीची गोष्ट वाचशील आणि ते म्हणतील, अगं, साहेब तसे वाईट नव्हते, एवढं नको लिहू. तू एक शब्द बदलशील. मग दुसरा. शेवटी तुझ्या हातात कादंबरीच्या ऐवजी एका सज्जन गृहस्थाची सत्कारपुस्तिका उरेल. घरचे लोक प्रेमापोटीच वाट लावतात, त्यात त्यांचा दोष नसतो. तब्येत नरम म्हणतेस, ती या वयात कोणाची नसते. माझे गुडघे बघ.

तिसरीचं विचारलंस. तिला कान लागत होते, ते गेले. सोळा वर्षं झाली. चांगली संधी साधून गेले, असं म्हणू.

तुझ्या सहदेवबद्दल एक सुचवतो, पटलं तर घे. नुसता उत्तम गाऱ्हाणं घालणारा माणूस म्हणजे वर्णन झालं. त्याचा दम जाऊ दे. ज्याचं सगळं नाव आवाजावर उभं आहे त्याला एक दिवस वाक्य पुरं करता येत नाही, आणि मागे उभी असलेली माणसं व्हय म्हाराजा कुठे म्हणायचं म्हणून एकमेकांकडे बघतायत. तिथे कादंबरी आहे. क्रूर वाटेल, पण लेखकाला हे करावं लागतं.

झाकण काढू नकोस.

तुझा,
वि. टिपणीस

*

भटवाडी, घाटकोपर
२३ जून २०२४

आदरणीय सर,
सा. न.

मध्ये तीन महिने गेले, क्षमा असावी. एकशे चाळीस पानं झालीत.

तुम्ही सुचवलंत तसं सहदेवचा दम घालवला. ते प्रकरण मला एका आठवड्यात लिहून झालं, कुठे अडलंच नाही. तुम्हाला हे इतकं अचूक कसं सुचलं याचं मला नवल वाटत राहिलं. त्याच्या छातीत गिरणीचा कापूस बसलाय असं डॉक्टर सांगतात, असं मी लिहिलंय. त्याच्या खोलीत एक मशीन आहे, त्याची नळी नाकाला लावलेली असते आणि त्या घरघरीत शेजारच्या शकुमावशीला टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. असे तपशील ठेवावेत का? की जास्त होतात?

कुर्लीचं प्रकरणही झालं. ज्या दिवशी संपवलं त्याच दिवशी संध्याकाळी बाबांनी विचारलं, "कुर्ली इली काय गो पुस्तकात?" मी म्हटलं, अजून नाही, बाबा. वही तेव्हा माझ्या मांडीवर होती. तुमचा नियम मी त्यांना समजावून सांगितलाय, भाताचं उदाहरण देऊन. ते ऐकून घेतात.

आता तीन प्रकरणं उरली आहेत. एक विचारायचं होतं. शेवटची प्रकरणं भरभर लिहून काढली तर चालतं का? म्हणजे कमीत कमी किती दिवसांत होऊ शकतात? मला जरा लवकर संपवायचंय.

आपली,
सुगंधा

*

मुलुंड (पू.)
२ जुलै २०२४

चि. सुगंधा,
अ. आ.

मशीन, नळी, शकुमावशीचा टीव्ही, सगळं ठेव. उत्तम आहे. टीव्हीचा आवाज वाढवणं हे कल्पनेने सुचणं कठीण, त्यासाठी नजर लागते, आणि तुला ती आहे. मी हे सहसा कोणाला लिहीत नाही.

आणि अशा ठिकाणी येऊन तू मला दिवस मोजायला सांगतेस. लवकर का संपवायचंय? दिवाळी अंकाची जाहिरात बघितलीस की काय? शेवट पळत लिहिलेला लगेच ओळखू येतो. शेवटच्या तीन प्रकरणांना सहा महिने दे. मी पहिल्याच पत्रात सांगितलं होतं, कोणी वाट बघत नाहीये.

इथे ठीक आहे. परवा कपाट आवरताना माझ्या जुन्या हस्तलिखितांचा गठ्ठा सापडला. समासात जागोजागी शिसपेन्सिलीच्या खुणा आहेत. चाळत बसलो तर दुपारचं जेवायचं राहून गेलं. असो. वयाचे परिणाम.

सहा महिने, आणि त्याआधी एक दिवसही नाही.

तुझा,
वि. टिपणीस

*

भटवाडी, घाटकोपर
६ ऑक्टोबर २०२४

टिपणीस सर,

बाबा १९ सप्टेंबरला गेले. परवाच्या मंगळवारी तेरावं झालं.

तुम्हाला नवल वाटेल, कारण मी कधी नीट कळवलंच नाही. जानेवारीत तुम्हाला पहिलं पत्र टाकलं तेव्हा डॉक्टरांनी वर्षभराची मुदत दिली होती. सहदेवची नळी, मशीन, शकुमावशीचा टीव्ही, सगळं आमच्याच खोलीतलं. वाचनालयात तुम्ही म्हणाला होतात की घरच्या आजारपणाची कारणं सांगणाऱ्यांनी कादंबरीच्या वाटेला जाऊ नये. लोक हसले, मीही हसले. म्हणून नाही लिहिलं. मला तुमची कीव नको होती, शिकवण हवी होती.

यंदा गणपती ७ तारखेला आले. नितेश मुलांना घेऊन आला होता. आरती झाल्यावर सगळी चाळ दारात उभी राहिली, कारण आमच्याकडे गाऱ्हाणं बाबांचं. त्यांनी नाकातली नळी काढायला लावली. देवासमोर नळी घालून उभं राहणं त्यांना पटेना. "बा देवा म्हाराजा," म्हणाले, आम्ही व्हय म्हटलं. "आज जी काय लेकरां तुझ्या पायाशी इली हत," म्हणाले आणि दम संपला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सर, मी तो प्रसंग मे महिन्यात लिहून ठेवला होता. तुमच्या सांगण्यावरून. तसाच्या तसा घडला. नितेशने पुढची वाक्यं कशीबशी म्हटली, अर्धी विसरला, आणि बाबा त्याच्या मागे व्हय म्हाराजा म्हणत राहिले, नुसते ओठांनी.

त्या संध्याकाळी मंडळी गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाले, "आता तरी वाच गो."

मी म्हटलं, दोनच प्रकरणं राहिलीत, बाबा. संपू दे, मग पहिल्यापासून वाचते.

ते म्हणाले, "बरा. भात शिजांदे." आणि थोड्या वेळाने, श्वास जमवून, "पण शीत बघूक झाकण काढूकच लागता."

बावीस वर्षं त्यांनी माहुलच्या गेटावर स्टोव्हवर स्वतःचा भात स्वतः शिजवला होता. मी बारा वर्षांची असल्यापासून रोज दोन वेळा भात लावते. झाकण काढल्याशिवाय, शीत दाबून बघितल्याशिवाय भात कोणी उतरवतं का? हे मला ठाऊक होतं. तुमचं पत्र आलं त्या दिवशीही ठाऊक होतं. पण तुम्ही पुस्तकं छापून आलेली माणसं, तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळत असणार, असं मी धरून चालले.

सगळा दोष तुमच्यावर टाकत नाही. तुमचा नियम माझ्या सोयीचा होता, हेही खरं. बाबा कुर्लीची गोष्ट हसवण्यासाठी सांगायचे. मी त्यात त्यांचा झालेला अपमान लिहिला होता. मला तो दिसला हे त्यांना कळलं असतं, तर माझ्याकडे कसं बघितलं असतं याची मला भीती होती. म्हणून मी झाकणाआड लपले. रोज विचारायचे, रोज मी खोटं बोलायचे. दवाखान्यात नेलं त्या दिवशी वही पिशवीत टाकली होती. आत घेऊन जाऊ दिलं नाही.

तुमचं वाक्य भिंतीवरून काढून टाकलंय. कोणी वाट बघत नाही, असं तुम्ही लिहिलं होतंत. माझ्या घरात एक माणूस नऊ महिने वाट बघत होता.

वह्या बाबांच्या ट्रंकेत टाकल्या. आता ज्याच्यासाठी लिहायचं तोच नाही. तुम्ही वेळ दिलात त्याबद्दल आभार. यापुढे पत्र पाठवू नका.

सुगंधा परब

*

मुलुंड (पू.)
१३ ऑक्टोबर २०२४

चि. सुगंधा,

पाठवू नका म्हणालीस तरी हे एक पाठवतो. न वाचता फाडलंस तर तो तुझा हक्क आहे.

मी तुला खोटं सांगितलं. सुनंदाने माझ्या दोन्ही कादंबऱ्यांचं एकूण एक पान वाचलेलं आहे. मी विमा कंपनीतून घरी आलो की चहा घेऊन समोर बसायची आणि म्हणायची, हं, वाचा. मी वाचायचो. पटलं तर मान हलवायची. नाही पटलं तर हातातून कागद घेऊन समासात शिसपेन्सिलीने बारीक फुली मारायची. वाद घालायची नाही. दुसऱ्या दिवशी मी ती जागा बदललेली असायची. तुला जी बाई खरी वाटली ना, उष्ट्या कपांतला चहा पिणारी, ती सुनंदाने सांगितलेली आहे. ती स्वतःच, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, आमच्या भरल्या घरात. मी ते ऐकलं, लिहिलं आणि त्यावर लोकांची शाबासकी घेतली.

दोन्ही पुस्तकांत तिचं नाव कुठेही नाही. ना अर्पणपत्रिकेत, ना ऋणनिर्देशात. तिने कधी विचारलं नाही आणि मला कधी सुचलं नाही. ती २००७ मध्ये गेली. पुढच्या वर्षी माझे कान गेले. तिसरी कादंबरी राहिली ती कानांमुळे नव्हे. मी लिहायला बसलो की समोरची खुर्ची रिकामी दिसायची आणि पानावर काय खरं, काय खोटं, मला कळेनासं व्हायचं. हे लोकांना कसं सांगणार? म्हणून मी व्याख्यानांत सांगायला लागलो की लेखकाने एकट्यानेच लिहावं, कोणाला दाखवू नये. पंधरा वर्षं सांगत आलो. टाळ्या मिळत होत्या. हळूहळू मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं.

भाताचंही तसंच. सुनंदा होती तोवर मी स्वयंपाकघरात पाण्याच्या पेल्यापलीकडे गेलो नाही. भात लावायला मी साठीत शिकलो, आणि पहिले कित्येक दिवस झाकण न काढता करपवला. तरी व्यासपीठावर उदाहरण तेच देत राहिलो. शितावरून भाताची परीक्षा, हे तर शाळेतलं पोर सांगेल. तुझ्या वडिलांना ते एका वाक्यात कळलं. तेवढा दम नसतानाही त्यांनी ते तुला सांगितलं, आणि तू माझं ऐकलंस. याची मला जन्मभर लाज वाटेल.

जूनमध्ये तू लवकर संपवायचंय म्हणालीस. मला विचारायला हवं होतं, का गं? पण मी दिवाळी अंकाची थट्टा केली. तुझी नजर तेवढी वाखाणली आणि त्या नजरेसमोर कोण झोपलंय ते मला दिसलं नाही.

क्षमा मागत नाही, ती मागण्याजोगी चूक नाही ही. एक विनंती करतो. वह्या ट्रंकेतून काढ. तुझे वडील असताना जे व्हायला हवं होतं ते आता होणार नाही, पण गाऱ्हाणं अर्धं सोडू नये, हे मला कोकणातला नसूनही कळतं. उरलेली प्रकरणं लिही, वा नको लिहू, आहे ते मोठ्याने वाच. त्यांच्या जागेसमोर बसून वाच. मागे व्हय म्हणायला कोणी हवं असेल तर मी येतो. मला ऐकू येणार नाही. ओठही वाचता येत नाहीत, शिकायचा कंटाळा केला. पण तू कागदावरून मान वर करशील तेव्हा मी म्हणेन. तेवढं मला जमेल.

विद्याधर टिपणीस

*

भटवाडी, घाटकोपर
१० डिसेंबर २०२४

आदरणीय सर,
सा. न.

रविवारी तुम्ही सुखरूप पोचलात ना? आमच्या चढावरच्या सत्तर पायऱ्या तुम्ही त्या गुडघ्यांनी चढलात. शकुमावशी दोन दिवस तेच सांगत फिरतेय.

दीड महिना तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही. राग होता. अजून थोडा आहे. तरीही या म्हटलं, कारण रोज संध्याकाळी घरात शिरताना कानावर ‘खयपर्यंत इला गो’ येत नव्हतं आणि मला ते सहन होत नव्हतं.

जे तुम्हाला कळलं नसेल ते आता लिहिते. तुम्ही बाबांच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसलात. पलंगावर मी त्यांची घडी घातलेली चादर ठेवली होती. मी गाऱ्हाण्याचं प्रकरण वाचायला घेतलं. प्रत्येक वाक्याला मान वर करत होते आणि तुम्ही म्हणत होतात, व्हय म्हाराजा. तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून फार मोठ्याने म्हणत होतात. शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहिले. कोणी हसलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यापासून तेही म्हणायला लागले, ते तुमच्या पाठीमागे असल्यामुळे तुम्हाला दिसले नसतील.

मग कुर्लीचं प्रकरण आलं. बाबांना दिवसभर उन्हात उभं केलं तिथपर्यंत मी वाचलं. तिथून पुढे सर, मी वाचत नव्हते. वही समोर धरलेली होती, पण मी बाबांशी बोलत होते. त्यांना सांगितलं की कुर्ली तेव्हाच आली होती पुस्तकात. म्हटलं, बाबा, तुम्ही विचारलंत तेव्हा वही माझ्या मांडीवर होती आणि मी नाही म्हणाले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नव्हे, मला तुमच्याकडे बघवलं नसतं म्हणून. तुम्ही नऊ महिने रोज विचारलंत आणि मी नऊ महिने तुम्हाला खोटं सांगितलं, असं सगळं म्हणाले. आणि शेवटी विचारलं, बाबा, मला माफ कराल ना?

मग मान वर केली. दारातली माणसं व्हय म्हणायची थांबली होती.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि तेवढ्याच मोठ्याने म्हणालात, व्हय म्हाराजा.

एवढंच कळवायचं होतं. काल पहाटेपासून पुन्हा ओट्याशी उभी राहते. दोन प्रकरणं राहिली आहेत. पहिलं झालं की तुम्हाला पाठवते, शिसपेन्सिल हाताशी ठेवा.

आपली,
सुगंधा